त्याचे वय कोणी विचारले होते का?



महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. ऋषी मौनव्रतात बसलेले असताना चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला. मागावर आलेल्या राजाच्या शिपायांनी विचारणा केली, ऋषी बोलले नाहीत. शिपायांनी त्या मौनालाच कबुली मानले आणि चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढवले गेले. तपोबलामुळे ते जिवंत राहिले. राजाने क्षमा मागितली, सूळ काढण्याचा प्रयत्न झाला, पण तो निघेना. शेवटी तो शरीराबाहेर कापून टाकावा लागला आणि आतले टोक तसेच राहिले, म्हणून ते अणीमांडव्य. पुढे त्यांनी यमधर्माला जाब विचारला की, ही शिक्षा कोणत्या पापाची? यमधर्माने सांगितले, लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस, त्याची. ऋषींचा राग अनावर झाला. अजाण वयातील इतक्या छोट्या अपराधाला इतकी मोठी शिक्षा? त्यांनी यमधर्माला शाप दिला, त्या शापामुळे त्याला विदुराच्या रूपाने मनुष्यजन्म घ्यावा लागला. आणि त्याच वेळी ऋषींनी मर्यादा घालून दिली की, चौदा वर्षे वयापर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही.

कीर्तनकार ही कथा विदुराच्या जन्मासाठी सांगतात. पण तिच्यात आजच्या विषयाची दोन्ही टोके आहेत. पहिले टोक म्हणजे मुलाच्या अपराधाला मोठ्या माणसाचे माप लावता येते का, हा प्रश्न. तो यमधर्मापुढेही उभा राहिला होता, तेव्हा तो जिनिव्हाहून किंवा न्यूयॉर्कहून आपल्याकडे आयात झाला, असे म्हणणाऱ्यांनी आदिपर्व पुन्हा एकदा उघडून पाहायला हरकत नाही. दुसऱ्या टोकाकडे सहसा लक्ष जात नाही. मांडव्य सुळावर गेले, कारण पकडलेला माणूस कोण आहे याची खातरजमा करण्याची तसदी कोणी घेतली नाही.

पुणे शहरात तीस वर्षांच्या अंतराने दोन गुन्हे घडले आणि दोन्हींत आरोपी अल्पवयीन होता. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली, तर बाल न्याय व्यवस्थेविषयी जेवढे समजते, तेवढे जाडजूड अहवालांतूनही समजत नाही.

पहिले प्रकरण १९९४ सालच्या ऑगस्ट महिन्यातले. पुण्यातील एका घरात शिरून सात जणांची हत्या करण्यात आली. पाच स्त्रिया आणि दोन मुले. त्या स्त्रियांपैकी एक गर्भवती होती. त्या वेळी पुण्यात असलेल्यांना तो काळ आठवत असेल. भरदिवसा दाराला आतून कडी लावण्याची सवय अनेक घरांना तेव्हापासून लागली. राजस्थानातून आलेली मुले पकडली गेली. खटला चालला. १९९८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, १९९९ साली उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही. त्या निर्घृण गुन्ह्याला दुसरी शिक्षा कोणाला सुचणार?

या आरोपींपैकी एकाचे नाव कागदोपत्री चुकीचे लागले होते आणि वय विशीतले लिहिले गेले होते. खटल्याच्या वेळी वयाचा मुद्दा पुढे आलाच नाही. वर्षे गेली, तो येरवड्यात आणि नागपूरला तुरुंगात राहिला, तिथेच शिकला, परीक्षा देत देत पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल झाला की, गुन्ह्याच्या वेळी हा आरोपी बालक होता. न्यायालयाने पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करण्यास सांगितले. राजस्थानातील त्याच्या गावच्या शाळेची नोंद पाहण्यात आली. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे त्या ऑगस्ट महिन्यात त्याचे वय होते बारा वर्षे सहा महिने.

२७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही नोंद ग्राह्य धरली आणि त्याची सुटका केली. बारा वर्षांचा मुलगा इतके भयंकर कृत्य करू शकेल का, हा विचार आपल्याला हादरवून सोडतो, असे न्यायमूर्तींनी नमूद केले, पण अशा तर्कावर निकाल देता येत नाही, हेही सांगितले. गुन्हा घडला तेव्हा १९८६चा बाल न्याय कायदा लागू होता आणि त्यात मुलग्यांसाठी मर्यादा सोळा वर्षांची होती. त्या कायद्यानेही हा मुलगा बालकच होता. त्याला फाशी तर सोडाच, तुरुंगवासही देता येत नव्हता. बालकाला अडकवून ठेवण्याची जी कमाल मुदत कायद्यात आहे ती तीन वर्षांची, आणि हा २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, त्यातील बहुतेक काळ फाशीची टांगती तलवार घेऊन. सुटला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता.

या निकालाने त्या सात जणांच्या आप्तांना काय वाटले असेल, याची कल्पना करणेही कठीण आहे. त्यांचे दुःख २००० साली संपले नव्हते आणि २०२३ साली ते पुन्हा ताजे झाले. त्यांच्याकडे पाठ फिरवून या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण नीट पाहिले, तर व्यवस्थेने त्यांचीही फसवणूकच केली आहे. जी चौकशी १९९४ साली एका पोस्टकार्डाने झाली असती, ती न केल्यामुळे त्यांना जवळपास तीन दशकांनी असा निकाल ऐकावा लागला, ज्यात त्यांना न्याय वाटावा असे काहीच शिल्लक नव्हते.

हे कसे घडते? उत्तर फार साधे आहे. पोलीस ठाण्यात आणलेल्या मुलाचे वय समोर दिसते त्यावरून लिहिले जाते. गाव सोडून आलेली, हॉटेलात, बेकरीत, भट्टीवर राबणारी मुले काम मिळावे म्हणून स्वतःच वय वाढवून सांगतात. मालकालाही ते सोयीचे असते. मग तेच वय अटकेच्या कागदावर येते, तिथून आरोपपत्रात आणि आरोपपत्रातून निकालपत्रात. प्रत्येक पायरीवरचा माणूस मागच्या पायरीवरच्या कागदावर विश्वास ठेवतो. यात कोणाचा दुष्टावा असावाच लागत नाही.

शिवाय आपल्याकडे जन्मतारीख ही कित्येकदा गुरुजींची कृपा असते. महाराष्ट्रातील मागच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला का येतो, हे इथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगायला नको. शाळा जूनमध्ये उघडणार, मुलाला पहिलीत बसवायचे, तर सहा वर्षे मोजून लिहा १ जून! निवृत्तीची तारीख काढण्यापुरती ही गंमत ठीक आहे. पण सतराव्या आणि अठराव्या वर्षांमधल्या रेषेवर एखाद्याचे आयुष्य तोलले जाते, तेव्हा ती गंमत राहत नाही. कायद्याने त्यावर उपाय म्हणून क्रम ठरवून दिला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीच्या परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. ही तपासणी शेवटी ठेवण्याचे कारण असे की, तिच्या अंदाजात दोन्ही बाजूंनी दोन-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच मान्य केले आहे. म्हणजे हाडांनी सतरा सांगितले, तर मुलगा पंधराचा असू शकतो आणि एकोणीसचाही.

पुण्याचे ते प्रकरण अपवाद होते, असे म्हणून समाधान मानता येत नाही. माहितीच्या अधिकारातून मिळवलेल्या आकडेवारीवर आधारलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत नऊ हजारांहून अधिक मुले देशभरातील प्रौढांच्या तुरुंगांत ठेवली गेल्याचे त्यात दिसून आले. यातील प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी ओळखले, म्हणून ती मोजली गेली. जी ओळखलीच गेली नाहीत, ती कोणत्याच आकड्यात नाहीत.

आता दुसरे प्रकरण. १९ मे २०२४, रविवारची पहाट. पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव पोर्श मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. गाडी चालवत होता सतरा वर्षांचा मुलगा. इथे वय लपून राहिले नाही. ते पहिल्या तासापासून सर्वांना ठाऊक होते. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि त्यासोबत ज्या अटी घातल्या गेल्या, त्यांतील एक देशभर गाजली, ती म्हणजे रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध.

निबंधावर पुष्कळ विनोद झाले. खरे तर त्या आदेशात वाहतूक पोलिसांबरोबर काम करणे, समुपदेशन, व्यसनमुक्तीचे उपचार अशाही अटी होत्या आणि मुलांच्या बाबतीत अशा अटी घालणे कायद्याला धरूनच आहे. चीड यावी अशी गोष्ट वेगळीच होती. मंडळ बसलेले नसताना मुलाला एका सदस्यापुढे हजर करण्याची मुभा कायद्यात आहे, ती मुलाला रात्रभर कोठडीत राहावे लागू नये म्हणून. त्या मुभेचा उपयोग करून, दोन माणसे मेलेल्या प्रकरणात, एकाच सदस्याने काही तासांत निर्णय देऊन टाकला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचे उघड झाले, डॉक्टरांना अटक झाली, आई-वडिलांनाही झाली. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंडळाच्या दोन सदस्यांना पदावरून दूर केले.

पण कथेचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. लोकक्षोभ उसळल्यावर तीन दिवसांत त्याच मुलाला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले, जामीन रद्द न करताच. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवून त्याला नातेवाइकाच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. म्हणजे पहिल्या दिवशी घाईने सोडले आणि चौथ्या दिवशी घाईनेच ठेवून घेतले. दोन्ही वेळा कायद्याचे पुस्तक टेबलावर बाजूलाच पडून राहिले. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने फेटाळली.

एका मुलामागे कोणीच उभे नव्हते, म्हणून त्याचे नावसुद्धा धड लिहिले गेले नाही. दुसऱ्यामागे वकील, पैसा, डॉक्टर असे सगळेच उभे राहिले. दोघांसाठी कायद्याचे तत्त्व एकच होते. या दोन प्रकरणांवरून कोणी म्हणेल की कायदा श्रीमंतांचा आहे. तसे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. सामान्य घरातल्या मुलाला दुसऱ्या प्रकरणातील घाईसुद्धा मिळत नाही. त्याला मिळते ती वाट पाहणे.

आजचा कायदा काय सांगतो, ते थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण टीका करणाऱ्या दहा जणांतील नऊ जणांनी तो वाचलेला नसतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, २४ तासांच्या आत मंडळापुढे उभे करावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक स्त्री. परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घरी जाऊन पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घर कसे आहे, शाळा का सुटली, संगत कोणाची, कोणी त्याला पुढे करून मागे लपले आहे का? चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून मिळतात, आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी त्या मुदतीतही संपली नाही, तर ती आपोआप बंद होते. शेवटी समज देण्यापासून समाजसेवा, परिवीक्षा, आई-वडिलांना दंड, ते कमाल तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्यापर्यंतचे आदेश देता येतात. यातला शब्द न् शब्द विचारपूर्वक लिहिलेला आहे.

आणि मग प्रत्यक्ष. ऑक्टोबर २०२३ अखेर देशातील ३६२ मंडळांपुढे असलेल्या एक लाखाहून अधिक प्रकरणांपैकी ५५ टक्के प्रलंबित होती आणि दर चार मंडळांमागे एक मंडळ पूर्ण सदस्यसंख्येने अस्तित्वातच नव्हते, असे इंडिया जस्टिस रिपोर्टच्या अभ्यासात आढळले. रिक्त जागा भरा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्व राज्यांना बजावून सांगितले होते. चार महिन्यांची मुदत ठरवणाऱ्या कायद्याखाली मोबाइल चोरीतला सोळा वर्षांचा मुलगा तारखा घेता घेता विशीत जातो. मंडळापुढे उभा राहतो तेव्हा त्याला दाढी आलेली असते. आता समुपदेशन तरी कोणाचे करायचे?

या सगळ्यावर जाहीर चर्चा मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. अठरा की सोळा? या प्रश्नामागचा संताप खोटा नाही. १६ डिसेंबर २०१२च्या दिल्लीतील अत्याचारानंतर देशातील प्रत्येक घराची झोप उडाली होती. त्या गुन्ह्यातील एक आरोपी अठरा पूर्ण व्हायला काही महिने कमी असलेला होता. ३१ ऑगस्ट २०१३ रोजी त्याला तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्याचा आदेश झाला, कारण कायद्यात त्याहून अधिक नव्हते. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वयोमर्यादा खाली आणू नये असे म्हटले होते आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ आणि २०१४ साली त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २० डिसेंबर २०१५ रोजी तो आरोपी बाहेर आला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवा कायदा संमत केला.

नव्या कायद्याने मर्यादा अठराच ठेवली, पण किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयाच्या मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि परिस्थिती तपासून त्याला प्रौढाप्रमाणे बाल न्यायालयाकडे पाठवण्याची वाट उघडली. तिथेही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. ही वाट कितपत योग्य, यावर प्रामाणिक मतभेद आहेत आणि ते राहणारच. पण ती तपासणी करायची कोणी? २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले की, मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे. तोपर्यंत पंधरा मिनिटे प्रश्न विचारून मुलाची समज मोजण्याचे प्रकार घडत होते. असे तज्ज्ञ किती जिल्ह्यांत उपलब्ध आहेत, याचे उत्तर आपापल्या जिल्ह्यापुरते शोधून पाहावे.

प्रमाणही लक्षात असू द्यावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात सर्व मिळून ५८ लाखांहून अधिक गुन्हे नोंदले गेले, त्यांत अल्पवयीनांवरचे सुमारे ३० हजार. शेकडा एकसुद्धा नाही. चिंतेची बाब असेल, तर ती ही की पकडलेल्या मुलांत सोळा ते अठरा वयाची मुले तीन चतुर्थांशांहून अधिक आहेत. म्हणजे शाळेतून बाहेर पडण्याचे आणि कामाला लागण्याचे जे वय, तेच हे.

इथे मध्यमवर्गीय घरांसाठी एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. बालगुन्हेगार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रेल्वे फलाटावरचा मुलगा येतो. दहावीच्या क्लासला जाण्यासाठी आपण ज्याच्या हातात दुचाकीची किल्ली देतो, तो येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. पोर्शवर संताप व्यक्त करून सभेतून घरी जाताना कोपऱ्यावर ट्रिपल सीट निघालेली मुले कोणाच्या घरची असतात, हे सांगण्याची गरज नाही.

आता मुले जिथे ठेवली जातात त्या जागांकडे वळू. मुंबईत १९२४चा मुंबई बालक कायदा आला आणि १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे बालगृह याच सोसायटीचे. ते जिथे आहे ती उमरखाडीची वास्तू म्हणजे जुना डोंगरीचा तुरुंग. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर एकशे एक दिवस तिथे होते, आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. ‘माझी जन्मठेप’ची सुरुवातही डोंगरीच्या तुरुंगातच होते. ज्या भिंतींत देशभक्तांना डांबले गेले होते, त्यांच्या आत मुलांना सुधारायला ठेवावे, यात त्या काळी कोणाला काही विसंगत वाटले नसावे. जागा मिळाली हेच पुष्कळ! पण इमारतीचा स्वभाव माणसांत उतरतो. कायद्याने ‘रिमांड होम’चे निरीक्षणगृह केले, लोकांनी ‘सुधारगृह’ म्हटले, तरी वस्तीतली आई मुलाला दम देताना अजूनही म्हणते, “डोंगरीला पाठवीन.” तिला कायदा माहीत नाही, पण इमारत माहीत आहे.

मुले तुरुंगात असू नयेत, हे देशाला पटवून देण्यात मोठा वाटा एका पत्रकार स्त्रीचा होता. शीला बर्से यांनी तुरुंगांतील मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९८६ साली न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी देऊन तिथल्या मुलांची माहिती घ्यायला लावली. सगळ्या देशासाठी एकच कायदा करावा, असेही न्यायालयाने म्हटले आणि १९८६चा बाल न्याय कायदा झाला तो त्याच वर्षी. पुण्यातला तो बारा वर्षांचा मुलगा तुरुंगात गेला, तेव्हा या सगळ्याला आठ वर्षे होऊन गेली होती.

म्हणून वयाच्या आकड्यापेक्षा मुलाला पहिल्या दिवशी भेटणारा माणूस महत्त्वाचा आहे. आणि तो माणूस केवळ सरकारी असावा, असे कायदा म्हणतच नाही. मंडळावरील तीनपैकी दोन जागा समाजातील कार्यकर्त्यांसाठी आहेत. मुलांचे आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण या क्षेत्रांत सात वर्षांचे काम हवे. या नेमणुकांच्या जाहिराती वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी येतात. वस्तीत अभ्यासिका चालवणारे, बालवाडी चालवणारे, छात्रावासात रात्री मुलांजवळ झोपणारे कार्यकर्ते ज्या जिल्ह्यांत डझनांनी आहेत, तिथेही या जागांसाठी योग्य अर्ज येत नाहीत आणि मग जी माणसे येतात, त्यांचे निर्णय आपण मे २०२४ मध्ये पाहिले. मंडळ मुलाला काही काळ ‘योग्य व्यक्ती’च्या स्वाधीन करू शकते. अशा व्यक्तींची नोंद ठेवण्याची तरतूद आहे. तीन वर्षांची मुदत, वेळेवर न मिळणारे मानधन, वर्तमानपत्रात नाव येईल ते चूक झाली तरच. काम सुखाचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

शेवटचा मुद्दा बाहेर पडणाऱ्या मुलाचा. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत पश्चात्‌ काळजी मिळावी, अशी तरतूद आहे. त्याच्या पूर्वीच्या प्रकरणामुळे त्याला कोणतीही अपात्रता चिकटू नये, ठरावीक मुदतीनंतर त्याची नोंद नष्ट करावी, हेही कायद्यात आहे. त्याचे नाव, शाळा, छायाचित्र छापणे हा गुन्हा आहे. कागद नष्ट होतो. पण तो एखाद्या गॅरेजमध्ये, कुरिअरच्या कचेरीत किंवा सोसायटीच्या सुरक्षारक्षकाच्या जागेसाठी उभा राहतो, तेव्हा पलीकडचा माणूस दाखला चाळतो. नववीनंतर दीड वर्ष शाळा नाही आणि मग एकदम सतरा नंबरचा अर्ज भरून दहावी. “मधल्या दीड वर्षात कुठे होतास रे?” असे तो विचारतो. कायद्याने मुलाला हे सांगण्याची सक्ती नाही. पण तो गप्प राहिला, तर मांडव्यांच्या बाबतीत शिपायांनी जे केले तेच बहुधा होते. पलीकडच्या खुर्चीत बसलेला तो माणूस कधी आपला शेजारी असतो, कधी आपल्याच ओळखीचा दुकानदार, आणि सोसायटीच्या सचिवपदावर तर पुष्कळदा आपणच असतो.